काळी एकमधली सिसिलिया

बेळगावच्या वडगावात राहणाऱ्या माणसाला शांततेत गाणं ऐकायची सवयच नसते. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे चार माग आहेत, सकाळी सातला सुरू होतात ते रात्री नऊपर्यंत खटक-खटक खटक-खटक, लहानपणापासून ऐकून आता तो आवाज ऐकूच येत नाही, उलट करंट गेला आणि माग थांबले की दचकायला होतं. त्यामुळं मी जे काय ऐकतो, ख्याल असो नाहीतर भजन, ते सगळं त्या खटक-खटकवर ठेवूनच ऐकतो. आणि ह्या दिवाळीनंतर जवळजवळ तीन आठवडे मी तिथं बसून ऐकलं काय, तर लंडनमधल्या लोकांनी एका संत बाईच्या नावानं सतराव्या-अठराव्या शतकात केलेली मोठमोठी कोरस गाणी. लिहिताना माझं मलाच हसायला येतंय.

झालं असं की कॅम्पात एक अंकल आहेत, मूळचे गोव्याचे, चर्चमधे चाळीस वर्षं ऑर्गन वाजवतात, त्यांची घरची जुनी पायपेटी बिघडली. पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायचा ऑर्गन, आपल्या संगीत नाटकांत खाली पिटात असायचा बघा तो. मी पेट्या दुरुस्त करतो ते हौस म्हणून, दिवसा उद्यमबागेत एका फाऊंड्रीत हिशेब लिहितो आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांच्या पेट्या उघडून बसतो, बायको म्हणते घरात माणसांपेक्षा पेट्या जास्त झाल्यात. तर अंकलनी टेम्पोत घालून पायपेटी पाठवून दिली आणि वर फोन, "अरे बाबा, बावीस नोव्हेंबरच्या आधी पाहिजे हां, सांता सिसिलियाचं फेस्त आहे, आमच्या कॉयरचा दिवस." कॉयर म्हणजे चर्चमधे एकत्र गाणारी मंडळी. मी म्हटलं ही कोण सिसिलिया? ते म्हणाले संगीताची संत, तुमची सरस्वती कशी तशी समज, आणि दोन सीड्या देतो त्या ऐक म्हणजे कळेल.

सीड्या खरंच दिल्या. आता सीडी लावणार कशात? घरातल्या लॅपटॉपला ती खाचच नाही. शेवटी ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पेनड्राईव्हवर चढवल्या, नावं काय आली नाहीत, नुसतं ट्रॅक ०१ ट्रॅक ०२. एक सीडी हँडेल नावाच्या संगीतकाराची, सिसिलियाच्या दिवसाचं स्तोत्रगीत, कंडक्टर ट्रेव्हर पिनॉक आणि त्यांचा इंग्लिश कॉन्सर्ट हा वाद्यवृंद, सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) फेलिसिटी लॉट आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) अँथनी रॉल्फ जॉन्सन. दुसरी पर्सेल ह्या संगीतकाराची, त्याच संतावरची दोन गीतं, फिलिप हेरेवेगे नावाचे बेल्जियमचे कंडक्टर आणि त्यांचा गेंट शहरातला कॉयर. हे हेरेवेगे मूळचे मेडिकल शिकलेले, सायकियाट्री वगैरे, १९७० ला हा कॉयर काढला आणि मग तिकडंच रमले.

आधी त्या बाईंची गोष्ट सांगतो कारण मला ती फार आवडली. सिसिलिया रोममधली, ख्रिश्चन धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. लग्न करायचं नव्हतं, घरच्यांनी लावलं. आणि तिच्या कथेत लॅटिनमधे एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की लग्नात वाद्यं वाजत होती तेव्हा ती मनातल्या मनात फक्त देवासाठी गात होती. म्हणजे बघा, बाहेर बँड वाजूलालाय, वऱ्हाडी नाचूलालेत, आणि नवरीचं तिकडं लक्षच नाही! पुढं लोकांनी त्या वाक्यातल्या वाद्यं ह्या शब्दाचा अर्थ ऑर्गन असा धरला, मग चित्रकारांनी तिच्या हातात ऑर्गन दिला, मग कवी लोकांनी तर ऑर्गन हिनंच शोधला म्हणून टाकलं. जिनं लग्नातला बँड ऐकला नाही ती सगळ्या बँडवाल्यांची देवी झाली. मी हे आप्पांना (माझे वडील) सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबरच आहे की, जो ऐकत नाही त्याच्यासाठीच जास्त जोरात वाजवावं लागतंय."

लंडनमधे १६८३ पासून तिथल्या गाण्या-वाजवणाऱ्यांच्या मंडळानं दर बावीस नोव्हेंबरला हिचा उत्सव करायला सुरुवात केली. दरवर्षी एका कवीनं नवीन कविता लिहायची, एका संगीतकारानं ती बसवायची, मोठा जलसा आणि वर जेवण. पहिल्या वर्षीचं काम मिळालं हेन्री पर्सेलला, वय चोवीस. मला हे वाचून आपली नांदीच आठवली. नाटक सुरू व्हायच्या आधी सगळे नट उभे राहून एकत्र म्हणतात तशी, फक्त ह्यांची नांदी तासभर चालते आणि तिच्यानंतर नाटकच नाही. आणि नांदीवर बोलायचा हक्क आम्हाला आहे, १८८० ला पुण्यात शाकुंतल उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे पुण्यातल्या लोकांना दरवेळी आठवण करून द्यावं लागतं म्हणून इथं पण देतो.

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय आवडलं नाही. हँडेल लावला, इअरफोन, बाहेर माग. सगळे एकदम ओरडूलालेत असं वाटलं, शब्द तर एक कळत नाही, इंग्रजी असून कळत नाही हे जास्त लागतं मनाला. दोन दिवस तसंच ठेवून दिलं आणि अंकलच्या पायपेटीचे सूर काढून घासायला बसलो.

पेटीतले सूर म्हणजे पितळेच्या बारीक पट्ट्या, हवा गेली की थरथरतात. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. बेतानं. एक घास जास्त झाला की गेला कामातून, मग उलटीकडं घासत बसा. दोन सूर एकदम वाजवले आणि थोडासा फरक असला तर आवाजात लाटा येतात, वॉव वॉव वॉव, जसजसं जवळ येतं तसतशा लाटा संथ होतात आणि एका क्षणी थांबतात, सरळ रेघ. ती रेघ ऐकायला मिळावी म्हणून तर मी हे करतो, पैसे काय मिळत नाहीत त्यात.

तर असं घासता घासता मोबाईलवर हँडेल नुसता चालू होता, इअरफोन नाही, रविवार असल्यानं माग बंद. शेवटचा कोरस आला आणि माझा हात सवयीनं बाजूच्या आप्पांच्या पेटीवर गेला आणि काळी एक (सप्तकातली पहिली काळी) दाबली. बसली! अगदी चिकटून बसली. लाटा नाहीत. मी परत मागं नेऊन सुरुवातीचं वाजवलं, तिथं पण काळी एक. आमच्या आप्पांची पट्टी काळी एक, जन्मभर ते त्याच्यावरच भजन म्हणतात, आणि हा हँडेल तिथंच सा लावून बसलाय.

नंतर अंकलनी ह्याचं कारण सांगितलं. कागदावर हे डी मधे लिहिलंय, म्हणजे आपली पांढरी दोन. खरं आज जगभर बहुतेक ठिकाणी मधला ए हा स्वर ४४० ला (सेकंदाला तेवढी कंपनं) लावतात तो ही जुनी वाद्यं वाजवणारी मंडळी ४१५ ला लावतात, त्यामुळं अख्खं गाणं अर्धा स्वर खाली येतं आणि पांढरी दोन कानाला काळी एक होते. आणि डी च का, तर तुताऱ्यांमुळं. त्या काळच्या ट्रंपेटला बटणं नव्हती, नुसती लांब नळी, आपल्या तुतारीसारखी, ओठानं आणि फुंकेनं जेवढे स्वर निघतील तेवढेच. इंग्लंडात ती नळी बहुतेक डी ची, म्हणून ट्रंपेट असलेलं गाणं डी मधे बसवायचं. सगळ्या ऑर्केस्ट्रानं एका हट्टी वाद्याच्या पट्टीत यायचं. भजनात एखादा जुना बुवा पट्टी सोडत नाही आणि बाकीचे निमूट त्याच्यामागं जातात, तसंच.

काळी एक सापडल्यावर मात्र मी त्यात शिरलो ते शिरलोच.

हँडेलच्या गीताची कविता ड्रायडन नावाच्या इंग्रज कवीची, १६८७ ची. तेव्हा ती ड्रागी नावाच्या इटालियन माणसानं बसवली होती, हँडेलनं बावन्न वर्षांनी परत घेतली आणि २२ नोव्हेंबर १७३९ ला लंडनच्या एका थिएटरात केली. कवितेचा विचार असा की सुरुवातीला सगळे अणू विस्कटून पडलेले, स्वर आला आणि सगळं जागच्या जागी बसलं. आपल्या नादब्रह्मासारखंच झालं की हे. टेनर ते विस्कटलेपण सांगतो तेव्हा खालचं संगीत पण चाचपडत चाललंय असं वाटतं, मग कोरस येतो आणि सप्तकभर वर-खाली पळापळ.

मग एकेका वाद्याची पाळी. मला सगळ्यात आवडतो तो चेलोचा (मोठ्या व्हायोलिनसारखं खालच्या आवाजाचं वाद्य) ट्रॅक. सोप्रानो गायच्या आधी चेलो एकटा बराच वेळ बोलतो आणि मग बाई येतात, आणि मग तो त्यांच्या मागं मागं, कधी पुढं, कधी त्यांचं वाक्य संपायच्या आत त्याला घाई. जुन्या रेकॉर्डमधे सारंगीवाला कसा गाणाऱ्याला धरून असतो, तसं. हा ट्रॅक मी किती वेळा ऐकला मोजलं नाही. त्याच्यानंतर एकदम लढाई, ट्रंपेट आणि नगारा, टेनर डबल डबल डबल म्हणत सुटतो, ऐकून माझा पुतण्या म्हणाला काका हे तर गणपतीचं ढोल-ताशा पथक. मधे एक मार्च आहे तो मी सरळ पुढं ढकलतो. बासरीवालं गाणं छान आहे, बासरी आणि ल्यूट नावाचं तारांचं वाद्य, फार हळवं. फक्त माग सुरू असताना ऐकू नका, काय ऐकू येत नाही.

आणि शेवट. शेवटाला सोप्रानो एकटी उभी राहते, मागं एक वाद्य नाही, नुसता गळा, एक ओळ म्हणते. ती संपली की अख्खा कोरस आणि ऑर्केस्ट्रा तीच ओळ उचलतो, धाडकन. मग परत ती एकटी. परत सगळे. मी हे आप्पांना ऐकवलं, ते तंबाखू मळत बसले होते, त्यांना म्हटलं जरा ऐका. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात थांबला.

"ही बाई बुवा आहे की रे."

"म्हणजे?"

"अरे बुवा एक चरण म्हणतोय आणि टाळकरी उचलतात, दुसरं काय हे? खरं टाळ कुठाय?"

टाळ नाही म्हणून आप्पांनी त्यांचे मार्क कापले. आणि अजून एक तक्रार त्यांची, ही लोकं फार स्वच्छ म्हणतात. आमच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनात एक आजोबा आहेत ते कायम अर्धा ठोका आधी उचलतात, गेली वीस वर्षं, आणि आता ते नसले की बाकीच्यांना सुरुवात कुठं करायची कळत नाही. पिनॉकच्या कोरसमधे असा एक पण आजोबा नाही. सगळे एकदम, सुरीनं कापल्यासारखे. मला ते आवडतं, आप्पांना संशय येतो.

त्या शेवटाच्या शब्दांत एक गंमत आहे. ड्रायडन म्हणतो, जगाच्या अंताला तुतारी वाजेल, मेलेले जगतील, जिवंत मरतील आणि संगीत आकाशाचे सूर उतरवून टाकेल. चार रात्री बसून एकेक सूर लावणाऱ्या माणसाला हे वाचून कसं वाटेल बघा. आणि हँडेल हे सूर उतरायचं गाणं लिहितो कसं, तर इतकं सुरात, एकावर एक आवाज चढवत, ट्रंपेट वर, की काळी एक दाबून धरली तर शेवटपर्यंत काढावीशी वाटत नाही.

आता पर्सेल. खरं म्हणजे आधी ह्याच्याबद्दल लिहायला पाहिजे होतं, माणूस आधीचा आहे, खरं मला तो उशिरा कळला. सीडीवर १६८३ चं ते पहिलं छोटं गीत आहे आणि १६९२ चं मोठं. छोट्यात एक गाणं आहे, खाली बास, म्हणजे खर्जातलं वाद्य, एकच ओळ परत परत वाजवतो, तीच, तीच, आणि वर गाणारा आपला वेगळाच चाललेला, ओळ कुठं संपली कुठं सुरू झाली त्याला पर्वा नाही. मी तबल्याच्या सोलोला पेटीवर नगमा धरतो. अर्धा-अर्धा तास तीच एक ओळ, तबलजी टाळ्या घेतो आणि पेटीवाल्याकडं कोणी बघत पण नाही. तर हे ऐकून मी त्या बास वाजवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला. गाणारा काउंटरटेनर, म्हणजे पुरुष असून बायकांच्या उंचीचा आवाज, आप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही तो बाप्या आहे म्हणून. आणि हे छोटं गीत संपतं कसं, तर एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी फक्त खर्जवाले उरतात. जलशाला आलेली मंडळी टाळ्या कधी वाजवायच्या म्हणून एकमेकांकडं बघत असणार.

मोठ्या गीताची कविता निकोलस ब्रेडी नावाच्या पाद्र्याची आणि तिच्यात वाद्यांचं अक्षरशः भांडण आहे. व्हायोलिन येतं, बासरी येते, लढाईचे नगारे-तुताऱ्या येतात, सगळे प्रयत्न करतात आणि सगळे ऑर्गनपुढं हरतात. ऑर्गनचं कौतुक करणारं गाणं पुरुषाच्या खर्जातल्या आवाजात, सोबत ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) घुमतायत आणि चाल अशी की मोठं यंत्र सावकाश फिरतंय. हे गाणं मी अंकलच्या पायपेटीचं पोट उघडं असताना ऐकलं, भात्याचं कातडं एकीकडं, सूर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले, आणि मोबाईल सांगतोय हे यंत्र सगळ्यात थोर. त्यात अजून एक काउंटरटेनरचं गाणं आहे, एकेका शब्दावर मुरक्याच मुरक्या, आणि त्या पर्सेलनं कागदावर एकेक करून लिहून ठेवल्यात. त्या वेळच्या एका मासिकात छापून आलं होतं की हे पर्सेलनं स्वतः म्हटलं, त्यावर अभ्यासक अजून भांडतात, म्हटलं त्यानं की नुसत्या मुरक्या त्याच्या. आपल्याकडं पण गाण्यातली एखादी जागा कोणाची ह्यावरून दोन घराणी बोलायची बंद होतात, त्यामुळं मला त्यात काय नवल वाटलं नाही.

दोघांत कोण मोठा असं अंकलनी विचारलं. मी म्हटलं ऐकायला पर्सेल, म्हणायला हँडेल. ते हसले, म्हणाले तू वाचलास, आमच्या कॉयरमधे ह्यावरून दोन पार्ट्या आहेत.

एकवीस नोव्हेंबरला संध्याकाळी पायपेटी टेम्पोत घातली. कपिलेश्वरचा पूल ओलांडून कॅम्पात जाईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी मागं बसून तिला मिठी मारून धरलेली, वर आप्पांनी अंकलसाठी दिलेला अर्धा किलो कुंदा मांडीवर. पोचलो तर पोरं-पोरी प्रॅक्टिसला जमलेलीच होती. अंकल बसले, पाय चालवला, पहिला कॉर्ड दाबला आणि वरच्या सप्तकातला एक सूर सरळ बोंबलला. खड्ड्यांनी घात केला. मी तिथंच बाकावर पेटीचं मागचं फळकूट काढून कानस घेऊन बसलो, पोरं मोबाईलवर, अंकल कुंदा खातायत.

वेळ काढायला म्हणून मी सांगितलं, अंकल, तो पर्सेल आजच्याच तारखेला गेला, २१ नोव्हेंबर १६९५, सिसिलियाच्या आदल्या दिवशी, वेस्टमिन्स्टर ॲबीमधे ऑर्गनच्या जवळच पुरलाय. वय छत्तीस.

"छत्तीस?" अंकलनी कीबोर्डवाल्या पोराकडं बोट केलं. "आमचा हा पण छत्तीसचा, अजून सी मेजर सोडत नाही."

पोरगा म्हणाला अंकल तुम्हीच बाकीचं शिकवत नाही. सगळे हसले, मी घासत होतो, लाटा संथ झाल्या, वॉव... वॉव... आणि सरळ झालं.

घरी यायला साडेनऊ झाले. माग थांबले होते. जेवून बाहेरच्या खोलीत बसलो आणि हँडेलचा शेवटचा ट्रॅक इअरफोनशिवाय लावला, हळूच, सगळे झोपले असतील म्हणून. बाई एकटी पहिली ओळ म्हणून थांबली, तेवढ्यात आतून आप्पा म्हणाले, "आवाज वाढीव की."